ढेकऱ्यांच्या म्हातारीचं पान

"तोंड वाकडं करायचं न्हाई. जे दिसतंय त्ये सांगायचं. फकस्त म्हातारी गेली, ह्ये तेवढं चिंगीला सांगायचं न्हाई."

सासूबाईंचं हे बोलणं माझ्या कानात अजून तसंच आहे. गेल्या वर्षीच्या माघातल्या अमावास्येला त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत माणूस जमिनीचं बोलतं, लेकीबाळींचं बोलतं. आमच्या शालूबाईंनी माझा हात धरून सांगितलं ते हे, आणि तेही टीव्हीवरच्या एका चित्रांच्या मालिकेबद्दल.

'ढेकरे मंडळी' तिचं नाव. रोज संध्याकाळी सातला लागते. माझा सत्यम पहिलीत होता तेव्हापासून चालू आहे. सत्यमला मिशा आल्या, लग्न झालं, लोणावळ्यात तुंगार्लीला त्याने पाहुण्यांना भाड्याने द्यायचा बंगला चालवायला घेतला. ढेकऱ्यांचा चिंट्या मात्र अजून तिसरीतच नापास होतोय. त्या घरात कुणाचं वयच वाढत नाही.

त्या घरातला बाप भाऊसाहेब. तो किल्लीने कानातला मळ काढतो, ती किल्ली कुत्र्याच्या पाठीला पुसतो आणि तिनेच लोणच्याच्या बरणीचं झाकण उचकटतो. सगळ्यांच्या ताटातलं ओढून खातो. कुत्र्याचं नाव शेंबड्या, पुढचं सांगायला नको. प्रत्येक भागात निदान एकदा तरी भाऊसाहेब अशी ढेकर देतो की भांडी पडतात, आणि त्यावर न दिसणारी माणसं खो खो हसतात. ती माणसं कोण, कुठं बसलेली असतात, मला कधी कळलं नाही. पण त्यांच्या हसण्याची मला त्या ढेकरांपेक्षा जास्त शिसारी येते.

आमच्या घरात देव्हारा आणि टीव्ही एकाच खोलीत, समोरासमोर. माझे नेम साधे आहेत. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, सोमवारी एकवेळ जेवण, तिन्हीसांजेला दिवा लावून हरिपाठ. हरिपाठ संपायला आणि भाऊसाहेबाची पहिली ढेकर यायला एकच गाठ पडायची. मी डोळे मिटूनच आत निघून जायची. सासूबाई मागून म्हणायच्या, "देवाला चालतंय. त्यो कुटं उठून जातोय?"

त्या एकट्या कधी बघत नसत. एकटीनं हसलं की हसू घशात अडकतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची जोडीदारीण म्हणजे वरच्या ठाकरवाडीची चिंगी. दोघींनी उभा जन्म एका ओळीत भात लावलेला. एकीनं गाणं उचलायचं, दुसरीनं पुरं करायचं. पुढं चिंगीचे डोळे गेले. ऑपरेशनला उशीर झाला होता, नस सुकली म्हणाले. तिचा मुलगा लखन नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत माल चढवतो, तिकडंच खोली करून राहतो. चिंगी वाडीत एकटी. संध्याकाळ झाली की काठी टेकत, कुंपणाला हात लावत ती खाली उतरायची आणि आमच्या खांबाला पाठ लावून बसायची. बोलणं तिला ऐकू यायचं. चित्रात काय चाललंय ते सासूबाई सांगायच्या.

"आता काय केलं त्यानं?"

"किल्ली पुसली."

"कशाला?"

"शेंबड्याला."

"अगं आयायाय," असं म्हणून चिंगी हसून आडवी व्हायची.

तिचा जीव ढेकऱ्यांच्या म्हातारीवर. थोरली आई म्हणतात तिला मालिकेत. ठार बहिरी, माळ्यावर राहायची. विचारावं एक तर सांगायची भलतंच, आणि भूक लागली की काठी आपटून कांदाभजी मागायची. चिंगी म्हणायची, "तिला ऐकू येत न्हाई, मला दिसत न्हाई. दोगी मिळून एक म्हातारी पुरती व्हतो."

गेल्या दिवाळीच्या नाही, त्याच्या आदल्या दिवाळीनंतरची गोष्ट. थंडी पडायला लागली होती. मी देव्हाऱ्यापुढची समई सारखी करत होते आणि एकदम टीव्हीचा आवाज गेला. ढेकर नाही, हसणं नाही, गाणं नाही. बिघडला वाटून मी वळून बघितलं. माळ्यावर रिकामी खाट होती. उशीत डोक्याचा खड्डा तसाच होता. भाऊसाहेब भज्यांचं ताट घेऊन शिडी चढून आला. जन्मभर दुसऱ्याच्या ताटातलं ओरबाडणारा तो माणूस. त्यानं ताट खाटेवर ठेवलं, बाजूला बसला, आणि एका भज्यालासुद्धा हात लावला नाही. मग पडद्यावर शेवटची नावं आली, तीही गाण्याशिवाय.

चिंगीनं विचारलं, "काय गं? गप का झाली समदी?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. तो काढून म्हणाल्या, "म्हातारी झोपलीया. बाप्या तिचा वाटा राखून ठिवतोय."

"बघ बघ. सुधारला मेला," चिंगी म्हणाली.

चिंगी घरी गेल्यावर सासूबाई न्हाणीत शिरल्या आणि डोक्यावरून गार पाणी घेतलं. अंगात खोकला. मी विचारलं तर म्हणाल्या, "घाम आलता." थंडीत कसला घाम, म्हणून मला आश्चर्य वाटलं, पण सासूला उलट विचारायची माझी रीत नाही.

त्यानंतर रोज त्या म्हातारीला चित्रात बसवत गेल्या. "मागं बसलीया. गोधडी शिवतीया." चिंगी विचारायची, "मग बोलत का न्हाई?" तर म्हणायच्या, "दात पडल्यात. लाजतीया."

त्या गेल्यावर सांगायचं काम माझ्याकडं आलं. ज्या तोंडाने हरिपाठ म्हणायचा, त्याच तोंडाने भाऊसाहेबाचं वर्णन करायचं. चिंगी काही सोडायची नाही.

"शिंकला तो?"

"हो."

"मग?"

"मग काही नाही."

"न्हाई कसं? लोक हसली की. कुटं उडालं?"

"आमटीत," मी म्हणायची, आणि रात्री स्वतःच्या ताटात आमटी घ्यायची नाही. जेवण उशिरा करायला लागले. पण तोंड वाकडं केलं नाही, आणि म्हातारीला गोधडी शिवत ठेवली.

घोटाळा या वर्षी झाला. चातुर्मासात दरवर्षी मी कांदालसूण सोडते. या वर्षी आषाढी एकादशीला भैरवनाथापुढं उभी असताना मनात आलं आणि बोलून गेले, की चार महिने खोटंही बोलणार नाही. घरी येताना ध्यानात आलं. देवाला दिलेला शब्द आणि सासूला दिलेला शब्द, दोन्ही मी एकाच तोंडाने दिले होते. शेवटी वाट काढली. चिंगीनं म्हातारीचं विचारलं की मी सांगायची, "आज दिसली नाही गं." ते खोटं नव्हतं. चिंगी हिरमुसायची. पण बातमी तिच्यापर्यंत जात नव्हती, एवढंच मला पाहिजे होतं.

पितृपंधरवड्यात एकदा सत्यम घरी आला. दारात उभा राहून त्याने आमचा दोघींचा कार्यक्रम पुरा बघितला. चिंगी गेल्यावर म्हणाला, "आई, थोरली आई तर कधीच मेली. हिला माहीत नाही?"

"नाही. आणि सांगायचंही नाही. आजीने सांगून ठेवलंय."

त्याचे डोळे कसे चमकले ते मी बघितलं. लहानपणी आंब्याच्या अढीपाशी चमकायचे तसे. म्हणाला, "तो भाग बघून अजून लोक रडतात, आई. त्या मालिकेतल्या रडवणाऱ्या भागांचे तुकडे लाखांनी बघतात. आणि इथं आंधळ्या म्हातारीला ठाऊकच नाही."

"सत्यम," मी म्हणाले.

"नाही सांगत गं. शनिवारी दोघींना बंगल्यावर नेतो. मोठ्या पडद्यावर लावतो, आवाज चांगला येतो तिथं. चिंगी आज्जीला मजा येईल. तुझी शपथ, सांगत नाही."

माझी शपथ घेतल्यावर मी काय बोलणार?

शनिवारी त्याने गाडी आणली. कान्हे फाट्यावरून हायवेला लागलो तशी चिंगीनं खिडकीतून हात बाहेर काढून वारा पकडला. "लग्नाची वऱ्हाडीन झाले गं मी," म्हणाली. नवं लुगडं नेसून आली होती.

बंगल्यात पाहुणे होते, शहरातली पाचसहा तरणी पोरं-पोरी. पोहण्याच्या टाकीतून निघून ओल्या अंगाने तशीच गादीवर बसलेली. समोर कोंबडीची हाडं, त्याच ताटात विझवलेल्या सिगारेटी, फरशीवर सांडलेलं काहीतरी चिकट. माझी चप्पल त्याला चिकटून सुटताना आवाज झाला. पंधरवड्याचे दिवस, दिवेलागणीची वेळ. मी श्वास तोंडाने घ्यायला लागले. सत्यमने आम्हाला पडद्यापुढं खुर्च्या दिल्या आणि चिंगीच्या तोंडासमोर तीन पायांच्या तिकाटण्यावर गोल दिवा लावला. तिच्या पांढऱ्या बुबुळांत त्या दिव्याची दोन कडी दिसत होती. तिला त्याचा पत्ता नाही. ती पदर सारखा करून वाट बघत बसली.

आधी एक हसायचा भाग लावला. भाऊसाहेबाने ढेकर दिली. गादीवरच्या एका पोराने तिला उत्तर दिलं आणि त्याला टाळ्या पडल्या. चिंगीही हसली. तिला वाटलं, घरचीच माणसं.

मग एकदम आवाज गेला.

मला पडद्याकडं बघायची गरज नव्हती. रिकामी खाट, शिडी, ताट. मी सत्यमकडं बघितलं. तो मोबाईल धरून चिंगीच्या पायाशी उकिडवा बसला होता. जो आवाज त्याने जन्मात घरात काढला नाही, तशा मऊ, गोड आवाजात म्हणाला, "चिंगी आज्जी, एक सांगायचंय. थोरली आई गेली. दोन वर्षं होतील आता. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

सगळे मोबाईल वर झाले. कुणी चावत होतं ते थांबलं. ती सगळी माणसं चिंगीच्या तोंडाकडं अशी बघत होती, जशी मांजरं मासे चिरणाऱ्या बाईकडं बघतात.

चिंगीनं पदर पुन्हा सारखा केला. मग तिने विचारलं, "कशानं गेली?"

सत्यम गडबडला. "कशानं म्हणजे... तिचा आवाज काढायच्या ना, त्या बाई वारल्या. मग कंपनीने ते पात्रच संपवलं."

"म्हंजी बाई खरीच गेली."

"ती गेली, पण ती वेगळी, आज्जी. ही चित्रातली."

"चित्र मी कवा बगितलं? माजी म्हातारी म्हंजी आवाजच. आन त्यो तिचाच व्हता ना?"

 चिंगीनं माझ्या दिशेने तोंड वळवलं. "सूनबाई, मग अंघुळ करायला पायजे. उशिरा कळलं तरी करत्यात. शालूबाईनं केलती का?"

गादीवर कुणीतरी फिसकन हसलं. "आजींना स्विमिंग पूल दाखवा रे," दुसरं म्हणालं. त्यावर सगळेच हसले, आणि ते हसणं अगदी मालिकेतल्यासारखं होतं. इतकी वर्षं मला पडलेलं कोडं सुटलं. ती न दिसणारी माणसं ही होती.

आणि त्याच वेळी मला थंडीतला तो गार पाण्याचा तांब्या आठवला, सासूबाईंच्या केसांतून निथळणारं पाणी आठवलं.

"केली होती," मी म्हणाले. "त्याच दिवशी. गार पाण्याने."

चिंगीनं मान हलवली. रडली नाही. सत्यम खाली वाकून म्हणाला, "आज्जी, भरून येतंय का? येऊ द्या, मोकळं रडा." त्याचा मोबाईल तिच्या नाकापासून वीतभर होता. माझ्या पोटच्या पोराच्या हाताकडं मी बघत होते. त्या हाताला तेलकट मसाला लागलेला होता आणि त्याच हाताने तो तिचा खांदा थोपटत होता. भाऊसाहेबाची किल्ली मला त्यापेक्षा स्वच्छ वाटली.

मी चिंगीला उठवलं. म्हणाले, "सत्यम, गाडी काढ."

"काढतो, आई. एकच मिनिट. ते 'अंघोळ करायला पाहिजे' तेवढं परत म्हणायला सांग ना तिला. मागं पोरं हसली, आवाज नीट आला नाही."

 मला मोठ्याने बोलता येत नाही, आणि हळू बोलून त्याला कळलं नसतं. चिंगीचा हात धरून फाटकापर्यंत आले आणि कडेच्या गटारावर ओकले. सोमवार नव्हता, उपास नव्हता, पोट भरलेलं होतं. चिंगी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"काय खाल्लंस गं?"

"घरचंच जेवले. वास सहन झाला नाही."

"मला बी न्हाई झाला," ती म्हणाली. "पर म्हनलं, पाव्हन्याच्या घरी कसं बोलावं."

सत्यमने सोडलं घरी.  तो निघाला तेव्हा मी दिवा लावायचा राहिला होता म्हणून आत गेले, त्याला चहाही विचारला नाही.

मागच्या अंगणात चिंगीला पाटावर बसवून मी तिच्या डोक्यावर पाणी घातलं. मग मीही केली अंघोळ. तिला माझं कोरडं लुगडं दिलं. ती खांबाला टेकून बसली, टीव्ही बंदच होता.

"आखाडीपास्नं तू नुस्तं 'दिसली न्हाई' म्हनायचीस," ती म्हणाली. "मला वाटायचं, रुसली म्हातारी आमच्यावर."

"सासूबाईंनी सांगितलं होतं, तुला सांगायचं नाही म्हणून."

"शालूबाई येडी. मला रडू येऊ नगं म्हनून एकटीच रडली." मग म्हणाली, "त्या आवाजवाल्या बाईचं नाव काय व्हतं?"

"ठाऊक नाही गं."

"तिचं हाय का कुनी पान ठिवायला?"

"तेही ठाऊक नाही."

"मग आवसंला मी ठिवीन. ज्याची तिथ ठावं न्हाई त्याची ती आवसच. कितीक वरीस रोज आली ती आपल्यात. पर मला कावळा दिसत न्हाई. शिवला का न्हाई, त्ये सांगाया कुनीतरी पायजे." तिने हात पुढं केला, मी तो धरला. "तू येशील? आन खरं सांगायचं. आला तर आला म्हनायचं, न्हाई तर न्हाई. शालूबाईसारकं बसवायचं न्हाई कुनाला."

"येईन," मी म्हणाले. "जे दिसेल तेच सांगेन."

अमावास्येच्या आदल्या दिवशी शेजारच्या अपेक्षाने मला मोबाईलवर सत्यमचं चित्रण दाखवलं. खूप लोकांनी बघितलं होतं. चिंगी रडली नव्हती, म्हणून त्याने शेवटी तिच्या तोंडावर दुसऱ्याच कुणा म्हातारीचं हुंदके देणं जोडलं होतं. ढेकरा आणि शेंबूड मी इतकी वर्षं सोसले, त्यात असं घाण काही नव्हतं. खाली लोकांनी रडणारे चेहरे आणि हात जोडलेली चित्रं टाकली होती. अपेक्षाचे डोळे भरून आले होते. तिला मी सांगितलं, तो हुंदका चिंगीचा नाही. ती म्हणाली, "असू दे ना काकू, पण किती टचिंग आहे."

अमावास्येला सकाळी सत्यमचा फोन आला. "आई, लोक विचारतायत पुढं काय झालं. मी येऊ का दुपारी?" मी म्हणाले, "आज तुझ्या आजीचं पान आहे. जेवायला ये. मोबाईल गाडीत ठेवून ये." त्याने बघतो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

सासूबाईंचं पान कौलावर ठेवलं. आमटी, भात, खीर, आळूची वडी, मुगाची भजी. कावळा लगेच आला, जसा त्यांच्या हाकेला यायचा.

मग मी चुलीशी परत बसले. चातुर्मासात मी कांद्याला हात लावत नाही, आणि पितरांच्या पानात तर तो चालतच नाही. पण ढेकऱ्यांची म्हातारी काठी आपटायची ती कांदाभज्यांसाठी. दोन कांदे चिरले. वास बोटांना बसला, डोळ्यांतून पाणी आलं. तोंड मात्र वाकडं केलं नाही. भजी तळून केळीच्या पानात बांधली, वर दुसरं पान झाकलं. चव बघितली नाही.

मालिका मला अजून आवडत नाही. संध्याकाळी चिंगी आली तर लावीन, आणि विचारेल ते सांगेन.

देव्हाऱ्यापुढं हात जोडले. हात धुतले होते तरी कांद्याचा वास येत होता. चप्पल घातली. सत्यमची गाडी अजून आली नव्हती. भात पोटरीत आलेलं होतं, बांधावरची वाट ओली होती. भजी गार व्हायच्या आत पोचायचं म्हणून, पान दोन्ही हातांत धरून मी ठाकरवाडीकडं चालायला लागले.